कोळंबीची शेड जंतूमुक्त ठेवताना: धुणं, क्लोरीन, गरम पाणी आणि बर्फ यांची जोडणी

कोळंबी सोलायचं, मासे कापायचं किंवा सोडे (सोलून वाळवलेली कोळंबी) करायचं नवं युनिट सुरू झालं की पहिली मोठी चूक साधारण एकाच ठिकाणी होते. सगळा भार क्लोरीनवर टाकला जातो. टेबलावर कोळंबीची सालं, चिकट रस, बांगड्याचं तेल तसंच असतं आणि वरून हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट हे क्लोरीनचं द्रावण, ओतला जातो. नाकाला वास झोंबतो, म्हणून काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात क्लोरीनचा मोठा भाग त्या रसाशी आणि सालींशी झुंजण्यातच संपतो. जंतूंपर्यंत पोचायला फार थोडा उरतो.

एकट्या उपायाने अन्नप्रक्रियेची जागा सुरक्षित होत नाही. घासणं, साबण, क्लोरीन, उष्णता, थंडावा, आम्लता, मीठ, कोरडेपणा या प्रत्येकाची ताकद वेगळी आणि मर्यादाही वेगळी. एका उपायातून सुटलेले जंतू पुढच्या उपायाला सापडावेत अशा क्रमाने ते एकामागे एक लावायचे. लोथार लाइस्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने अन्न टिकवण्याच्या बाबतीत हीच कल्पना ‘हर्डल’ म्हणजे अडथळ्यांची शर्यत या नावाने मांडली. जंतूला एक अडथळा ओलांडता येतो. त्यात तो जखमी होतो, दमतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या अडथळ्याला पडतो. मात्र काही उपाय एकत्र आले की एकमेकांनाच मारतात, आणि काही जोड्या तर माणसाच्या जिवावर बेततात. म्हणून कोणता उपाय कोणाआधी आणि कोणासोबत वापरायचा हे नीट समजून घ्या.

हिशेब आधी

समजा, दिवसभर कोळंबी सोललेल्या फळीवर संध्याकाळी दहा लाख जंतू आहेत. नीट घासून धुतलं आणि त्यातले 99 टक्के वाहून गेले, तर दहा हजार उरले. आता स्वच्छ फळीवर योग्य ताकदीचा क्लोरीन लावला आणि उरलेल्यांतले 99.9 टक्के मेले, तर दहा राहिले. फळी रात्रभर कोरडी राहिली तर ते दहा वाढत नाहीत.

आता तीच फळी न घासता हायपोत बुडवा. रसाने क्लोरीन खाल्ला आणि जेमतेम 90 टक्के जंतू मेले असं धरू. एक लाख शिल्लक. कोकणातल्या उबदार, दमट रात्री ओल्या फळीवर ते 20 मिनिटांनी दुप्पट होतात असं धरलं, तर तासाभरापेक्षा थोड्या जास्त वेळात पुन्हा दहा लाख. सकाळी पहिली पाटी ओतली जाते तेव्हा ती कालच्यापेक्षा घाण फळीवर पडते.

एक जास्तीची अडचण म्हणजे बुळबुळीत थर, बायोफिल्म. फळीच्या चिरांत, टबाच्या कडेखाली, मोरीच्या जाळीला बोट लावलं तर जे निसरडं लागतं, ते जंतूंनी स्वतःभोवती बांधलेलं घर असतं. त्याच्या आत बसलेले जंतू मोकळ्या जंतूंपेक्षा कितीतरी पट जास्त जंतुनाशक सहन करतात. तो थर रसायनाने फुटत नाही, ब्रशनेच फुटतो. लाकडी फळी यासाठीच नको: तिच्या चिरांत ब्रशही पोचत नाही. एचडीपीई या कडक प्लास्टिकची जाड पांढरी फळी घ्या, आणि तिच्यावर सुऱ्यांच्या रेघा खोल झाल्या की रंधून घ्या किंवा बदला.

पाण्यापासून सुरुवात

धुण्याचं पाणीच वाईट असेल तर पुढचं सगळं फुकट. किनाऱ्याला पाण्याच्या तीन तऱ्हा भेटतात. खाडीलगतच्या विहिरी आणि बोअरवेल मचूळ होतात. जांभ्यातल्या काही विहिरींच्या पाण्यात लोह असतं. अशा पाण्यात क्लोरीन घातला की ते तांबूस होतं, तळाशी गाळ बसतो आणि क्लोरीनही त्यातच खर्च होतो. पावसाळ्यात बहुतेक विहिरी गढूळ होतात.

क्रम असा ठेवा: आधी गाळ बसू द्या (गढूळपणा फार असेल तर तुरटी), मग वाळूचा किंवा कार्ट्रिज फिल्टर, मग यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा लावायचा असेल तर तो, आणि शेवटी टाकीत क्लोरीन. हा क्रम उलटवू नका. यूव्हीचा किरण गढूळ पाण्यातून पार जात नाही, कणाच्या सावलीत लपलेला जंतू वाचतो, म्हणून फिल्टर आधी. यूव्ही पाण्यातला क्लोरीन काही प्रमाणात तोडतो, म्हणून क्लोरीन नंतर. आणि यूव्हीचा परिणाम दिव्यापाशीच संपतो; पुढे टाकीत, पाइपात पुन्हा जंतू आले तर त्यांना अडवायला काही उरत नाही. ते काम क्लोरीनचं. नळाला येणाऱ्या पाण्यात मुक्त, म्हणजे अजून खर्च न झालेला, क्लोरीन किमान 0.2 पीपीएम (लिटरला 0.2 मिलिग्रॅम) असावा, 0.5 च्या आसपास ठेवलात तर बरं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस 10500 नुसार, 100 मिली पाण्यात विष्ठेतून येणारा ई. कोलाय हा जंतू एकही चालत नाही. बर्फ याच पाण्याचा हवा. रस्त्यावर, जमिनीवर फोडलेली लादी कोळंबीवर टाकली तर धुण्याची सगळी मेहनत त्या एका फावड्याने वाया जाते.

हायपो मोजायचा कसा

‘झाकणभर’ हे माप नाही. कॅनवरची टक्केवारी बघा. घरगुती हायपो बहुधा 4 ते 6 टक्क्यांचा असतो, औद्योगिक 10 ते 12 टक्क्यांचा. सूत्र साधं आहे:

लागणारे मिली = हवे पीपीएम × पाण्याचे लिटर ÷ (टक्केवारी × 10)

20 लिटरच्या बादलीत 100 पीपीएम हवं आहे आणि कॅन 10 टक्क्यांचा आहे: 100 × 20 ÷ 100 = 20 मिली. कॅन 4 टक्क्यांचा असेल तर 50 मिली. ब्लीचिंग पावडरलाही हेच सूत्र लागू, फक्त मिलीऐवजी ग्रॅम. ताज्या पावडरीत साधारण 30 टक्के क्लोरीन धरला तर 100 लिटरला 100 पीपीएमसाठी 33 ग्रॅम. पावडर वेगळ्या भांड्यात कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणीच वापरा; चुन्याचा साका टेबलावर गेला तर पांढरे डाग पडतात आणि त्याच डागांखाली पुढे घाण धरते.

कुठे किती वापरायचं याचा ढोबळ अंदाज असा: टेबल, फळ्या, टब, क्रेट यांना 100 ते 200 पीपीएम, जमीन, मोरी आणि पाय बुडवायच्या कुंडाला 200, धुतलेले हात बुडवायला 20. टेबलांना 200 च्या वर जाऊ नका, आणि लावल्यावर कोळंबी टाकण्याआधी पिण्यायोग्य पाण्याने एकदा खळबळा. पृष्ठभागांसाठीचं हे पाणी मालावर कधीच वापरायचं नाही.

हायपोच्या तीन खोड्या नव्या माणसाला फसवतात.

पहिली, तो म्हातारा होतो. उन्हात ठेवलेल्या, अर्धा भरलेल्या कॅनमधली ताकद एप्रिल-मेच्या उकाड्यात झपाट्याने उतरते. लेबलवर 10 लिहिलंय आणि आत 5 उरलंय हे डोळ्यांना दिसत नाही. लहान कॅन घ्या, सावलीत ठेवा, बनल्याची तारीख बघा, आणि तयार द्रावण क्लोरीन मोजायच्या पट्टीने तपासा.

दुसरी, पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे त्याचं माप; आकडा जितका कमी तितकं पाणी आम्ल. क्लोरीन पाण्यात दोन रूपांत राहतो आणि त्यातलं हायपोक्लोरस आम्ल हे रूप जंतू मारण्यात खूप पुढे आहे. पीएच 6.5 ला सुमारे 90 टक्के क्लोरीन या रूपात असतो, 7.5 ला निम्मा, 8.5 ला जेमतेम दहावा हिस्सा. हायपो स्वतः अल्कली असल्याने तो घातला की पाण्याचा पीएच वरच सरकतो. पट्टीवर 200 पीपीएम दिसूनही काम होत नाही त्यामागे बरेचदा हेच असतं. यावर ‘थोडं आम्ल घालू’ हा इलाज नवशिक्याने करू नये, कारण पुढे येईलच. पाणी मुळातच अल्कली असेल तर सोडियम डायक्लोरोआयसोसायन्युरेटच्या, बाजारात ‘एनएडीसीसी’ म्हणून मिळणाऱ्या गोळ्या वापरा. त्यांचं द्रावण किंचित आम्लाकडे झुकतं आणि गोळी मोजणंही सोपं.

तिसरी खोडी तपासणीतली. पोहण्याच्या तलावासाठीचा किट 5 पीपीएमपर्यंतच मोजतो. त्यात 200 पीपीएमचं पाणी घातलं तर गुलाबी रंग येतो आणि क्षणात उडतो, किंवा येतच नाही. मग माणूस ‘क्लोरीन नाहीच’ म्हणून आणखी ओततो. जंतुनाशक द्रावणासाठी 0 ते 200 पीपीएमच्या पट्ट्या वेगळ्या मिळतात, त्या घ्या.

संध्याकाळची धुलाई, पायरीने

1. कोरडी सफाई. पाणी सोडण्याआधी सालं, डोकी, खवले रबरी वायपरने आणि हाताने गोळा करा, झाकणाच्या डब्यात टाका. पाण्याच्या जोराने ती मोरीत ढकलली की मोरी तुंबते आणि जंतूंना रात्रभराचं जेवण मिळतं.

2. पहिलं खळबळणं, गार पाण्याने. इथे गरम पाणी नको. अंड्याचा पांढरा भाग तव्यावर जसा धरतो, तसा कोळंबीचा रस 60 अंशांच्या वर स्टीलला शिजून चिकटतो आणि मग खरवडूनही निघत नाही. साधं किंवा फार तर कोमट, 40 अंशांपर्यंतचं पाणी, वरून खाली.

3. साबण आणि घासणं. मासळीचं तेल आणि प्रथिनं सोडवायला अल्कली डिटर्जंट लागतो. तो लेबलवरच्या मापाने, 45-50 अंशांच्या पाण्यात घ्या. फेस लावून 10 मिनिटं थांबा, पण वाळू देऊ नका. वाळला तर पुन्हा ओला करा. मग कडक ब्रशने घासा. साबणाची ताकद, पाण्याची ऊब, वेळ आणि हाताचा जोर या चारांपैकी एक कमी असेल तर दुसरं वाढवावं लागतं. ज्या दिवशी बांगडा किंवा तारली कापली असेल त्या दिवशी ऊब आणि वेळ दोन्ही वाढवा. ॲल्युमिनियमची पातेली आणि घमेली असतील तर कॉस्टिक सोड्याचा डिटर्जंट वापरू नका. ॲल्युमिनियम काळं पडतं, फेसाळतं, त्याला खड्डे पडतात आणि तेच खड्डे पुढे जंतूंचे कोनाडे होतात.

4. मोरी आत्ताच. टेबल जंतूमुक्त करण्याआधी मोरी धुऊन घ्या, वेगळ्या रंगाच्या ब्रशने, जो टेबलाला कधीच लागणार नाही. नंतर धुतलीत तर शिंतोडे स्वच्छ टेबलावर उडतात. जोराच्या पाइपाने मोरी मारणं तर टाळाच. लिस्टेरिया हा जंतू मोऱ्यांमध्ये राहतो आणि उडणाऱ्या तुषारांबरोबर सगळ्या शेडभर फिरतो.

5. दुसरं खळबळणं. साबणाचा अंश राहू देऊ नका. हाताला निसरडं लागत असेल तर अजून आहे.

6. डोळ्यांनी तपासणी. विजेरी घ्या आणि आडव्या उजेडात टेबल बघा. पाणी ओतून पाहा: स्वच्छ स्टीलवर ते सलग पातळ चादरीसारखं पसरतं, तेलाचा पातळ थर राहिला असेल तिथे चादर फाटते आणि पाण्याचे थेंब गोळा होतात, कमळाच्या पानावर होतात तसे. थेंब दिसले की पायरी 3 वर परत जा. पुढे जाऊन क्लोरीन लावण्यात अर्थ नाही.

7. क्लोरीन. 100 ते 200 पीपीएम, गार पाण्यात. टेबलावर किमान 2 मिनिटं ओलं राहू द्या, क्रेट आणि टब 5 ते 10 मिनिटं बुडवा. गरम पाण्यात हायपो घालू नका. तो लवकर तुटतो आणि वाफेबरोबर घशाला लागतो. वेळ झाली की धुऊन टाका. खाऱ्या हवेत आधीच गंजाला टेकलेल्या 304 प्रतीच्या स्टीलवर क्लोरीन रात्रभर ठेवला तर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. 316 स्टील जास्त टिकतं, पण तेही धुवावंच लागतं.

8. कोरडं होऊ द्या. फडक्याने पुसू नका. फडकं म्हणजे सगळ्या टेबलांचे जंतू एकत्र करून परत वाटणं. फळ्या उभ्या, क्रेट पालथे आणि आडवे-उभे रचून ठेवा म्हणजे हवा खेळेल. एकात एक घातलेले ओले टब सकाळी कुबट येतात. पावसाळ्यात आपल्याकडे काहीच वाळत नाही, तेव्हा पंखे रात्रभर चालू ठेवा आणि सकाळी काम सुरू करण्याआधी 100 पीपीएमचा एक हात पुन्हा फिरवा.

सुऱ्या, हात, पाय

सुरी आणि विळीसाठी क्लोरीनपेक्षा उष्णता चांगली: पातं गंजत नाही आणि बारीक फटीपर्यंत ऊब पोचते. धुतलेली सुरी 80 अंशांच्या पाण्यात एक मिनिट धरा. 77 अंशांना 30 सेकंद हे किमान माप मानलं जातं, पण भांड्यातलं पाणी सुऱ्या घातल्यावर गार होतं, म्हणून थोडं वरचं धरा आणि थर्मामीटर भांड्यातच ठेवा. गरम सुरी बाहेर काढली की आपोआप वाळते, हा दुसरा फायदा. एचडीपीईच्या फळ्या मात्र अशा गरम पाण्यात वाकतात, त्यांना क्लोरीनच बरा.

हात आधी साबणाने 20 सेकंद, मग स्वच्छ पाणी, मग 20 पीपीएमचं भांडं. साबण न धुता हात बुडवले किंवा कोळंबीच्या रसाचे हात तसेच घातले तर ते भांडं अर्ध्या तासात नुसतं पाणी होतं. पाणी धुरकट दिसलं की बदला, घड्याळाची वाट पाहू नका. धुरकट झालं नाही तरी तासाने बदला. बोटाला काट्याने किंवा सुरीने जखम झालेली बाई सोलायच्या टेबलावर बसत असेल तर तिला पाणी न शिरणारी पट्टी आणि वर हातमोजा द्या, किंवा त्या दिवशी तिला वजनाचं, नोंदीचं काम द्या आणि तिची मजुरी कापू नका. जखमेतल्या स्टॅफिलोकॉकस (थोडक्यात स्टॅफ) या जंतूने अन्नात विष तयार केलं की ते उकळूनही जात नाही. मजुरी कापली जाणार असेल तर जखम लपवली जाते. हा जंतूंच्या हिशेबातलाच भाग आहे.

बुटांचं कुंड दारात असतं आणि पावसाळ्यात तासाभरात लाल चिखलाने भरतं. त्याच्या आधी नुसत्या पाण्याचा नळ आणि घासणी ठेवा, कुंड नंतर.

एकमेकांना मारणाऱ्या जोड्या

हायपो आणि कोणतंही आम्ल: विषारी क्लोरीन वायू. संडास धुण्याचं आम्ल, क्षार काढायचं फॉस्फोरिक आम्ल, व्हिनेगर, सगळं यात आलं. क्षार काढायचा दिवस आणि क्लोरीनचा दिवस यांच्यामध्ये भरपूर पाण्याने धुणं हवंच, आणि दोन्हींचे मग, बादल्या वेगळ्या रंगांच्या हव्यात. हायपो आणि अमोनिया असलेलं क्लीनर: तेही विषारी वायू. असा वास आला तर सगळ्यांना आधी बाहेर, वारा जिकडून येतो त्या बाजूला न्या. सांडलेलं आवरायला कोणी आत थांबू नये. डोळ्यांत काही उडालं तर सलग 15 मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरून दवाखाना.

हायपो आणि मेटाबायसल्फाइट: कोळंबीचं डोकं काळं पडू नये म्हणून सोडियम मेटाबायसल्फाइटमध्ये बुडवतात. सल्फाइट क्लोरीनला जागच्या जागी संपवतो आणि स्वतःही संपतो. ज्या टबात सल्फाइट केलं तोच टब न धुता क्लोरीनला वापरलात तर दोन्ही कामं बुडाली. शिवाय सल्फाइटला आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे: कच्च्या कोळंबीच्या खाण्याच्या भागात किलोला 100 मिलिग्रॅम, शिजवलेल्यात 30. दम्याच्या माणसाला ते त्रासदायक ठरू शकतं, म्हणून लेबलवर लिहिणं टाळू नका.

क्वाट, म्हणजे क्वाटर्नरी अमोनियम हे दुसरं जंतुनाशक, आणि साबण: साधा साबण किंवा डिटर्जंट शिल्लक असेल तर क्वाट निकामी होतं. जड पाण्यातही त्याचा जोर कमी होतो.

मग क्लोरीनला सोबत कोणाची द्यावी? आठवड्यातून एकदा पेरॲसिटिक आम्लाची. रसाचा अंश राहिला तरी ते क्लोरीनइतकं लवकर हार मानत नाही, गार पाण्यातही काम करतं, आणि नंतर त्याचं व्हिनेगरसारखं आम्ल, पाणी आणि ऑक्सिजन होतात. 5 टक्क्यांच्या कॅनमधून लिटरला 3 मिली घेतलं की सुमारे 150 पीपीएम. वास तिखट असतो: गॉगल, हातमोजे, उघडी खिडकी. मूळ कॅनच्या झाकणाला हवा जायला वाट असते. दुसऱ्या घट्ट बाटलीत ओतून ठेवलं तर बाटली फुगते, फुटते. क्लोरीनच्या दिवशी ते नाही आणि त्याच्या दिवशी क्लोरीन नाही.

आता प्रत्यक्ष माल

कच्च्या कोळंबीवर मुख्य काळजी व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस या जंतूची. 1950 मध्ये जपानच्या ओसाकात शिरासू या बारीक मासळीतून मोठी विषबाधा झाली, तेव्हा तो पहिल्यांदा ओळखला गेला. तो समुद्राचा जंतू आहे. त्याला मीठ लागतं, उबेत तो फार झपाट्याने वाढतो, आणि उष्णतेपुढे टिकत नाही. या तिन्ही गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. बंदरातल्या पाण्यात माल धुऊ नका. लिलाव संपताच बर्फात घाला, शेडमध्ये गार गोड्या पाण्यात दोन-तीनदा पाणी बदलून धुवा, आणि पुन्हा बर्फात. गोडं पाणी त्याला मानवत नाही, थंडी त्याची वाढ थांबवते. आपल्या हवेत बर्फ आणि माल वजनाने निम्मानिम्मा घ्या, थरावर थर, तळाला आणि वर बर्फ, वितळलेलं पाणी खालून निघून जाईल असं.

कोळंबी उकडून विकत असाल तर खरा धोका उकडल्यानंतर सुरू होतो. उकडण्याने, म्हणजे मधोमध 75 अंश पोचल्यावर, बहुतेक जंतू मेले, पण त्यांच्याबरोबर एकमेकांशी चढाओढ करणारे निरुपद्रवी जंतूही गेले. आता त्या मोकळ्या रानात हाताचा स्टॅफ किंवा मोरीतला लिस्टेरिया पडला तर त्याला अडवणारं कोणी नाही. लिस्टेरिया तर फ्रिजच्या थंडीतही सावकाश वाढतो. म्हणून कच्च्याची आणि उकडलेल्याची बाजू वेगळी, माणसं वेगळी, क्रेटचे रंग वेगळे. उकडलेला माल लगेच पिण्यायोग्य पाण्याच्या बर्फगार पाण्यात, दोन तासांत 21 अंशांखाली आणि पुढच्या चार तासांत 5 अंशांखाली. उकडलेल्या बाजूचं पाणी कच्च्या बाजूकडे वाहावं; उतार उलटा असेल तर आधी गवंडी बोलवा.

सोड्यांना मीठ आणि ऊन यांची जोडी वाचवते. उपलब्ध ओलावा, ज्याला वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणतात, 0.85 च्या खाली आणला की स्टॅफही विष तयार करू शकत नाही. वाळूवर, कातळावर पसरण्याऐवजी मांडव बांधून जाळीवर वाळवा. वाळलेले दिसणारे सोडे मधोमध मोडून बघा. आत मऊ लागले तर पिशवीबंद करू नका, कारण तो ओलावा पिशवीत सगळ्या मालात पसरतो.

बांगडा, सुरमई, कुपा, तारली यांच्याबाबत एक गोष्ट मनापासून सांगायची आहे, कारण इथे कोणतंच जंतुनाशक कामाला येत नाही. ही मासळी उबेत राहिली की जंतू तिच्यात हिस्टामीन हे त्रासदायक रसायन तयार करतात. ते खाऊन तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं. जंतू नंतर मेले तरी हिस्टामीन राहतं. ते धुऊन, गोठवून, तळून, डबाबंद करूनही जात नाही. इथे उपाय एकच आणि तो होडीवर सुरू होतो: पकडल्याबरोबर बर्फ.

आंबा-कोकमाची युनिटं त्याच गावांत असतात, म्हणून त्यांच्यापुरतं थोडक्यात. हापूसच्या रसात आम्लता आणि उष्णता ही जोडी चालते. पीएच 4.6 च्या खाली बोट्युलिनम या जीवघेणं विष करणाऱ्या जंतूचा बीजाणू रुजत नाही, आणि आम्लात बाकीचे जंतू कमी उष्णतेला मरतात; म्हणून रसाला 85-90 अंश पुरतात, जिथे कमी आम्लाच्या डबाबंद अन्नाला दाबाखालची वाफ लागते. प्रत्येक घाण्याचा पीएच मीटरने मोजा, कारण फार पिकलेल्या आंब्याचा पीएच वर सरकतो. रस गरम असतानाच बाटलीत भरा, झाकण लावून बाटली दोन-तीन मिनिटं आडवी करा म्हणजे झाकणाची आतली बाजूही तापेल. कोकमाचं आगळ आम्ल आणि मीठ दोन्ही घेऊन येतं, त्याला जंतूंपेक्षा बुरशीची काळजी जास्त. ही यंत्रं आगळाने माखलेली असताना हायपो लावू नका; वर सांगितलेला वायू इथेही निघतो.

काम झालं की नाही, कसं कळणार

पट्टीने क्लोरीन, थर्मामीटरने उष्णता, हाताने निसरडेपणा, विजेरीने डाग: हे रोज. वहीत चार रकाने पुरतात: वेळ, पीपीएम, कोणी केलं, काय चुकलं. शेवटचा रकाना रोज कोरा दिसला तर वही घरी बसून भरली जाते असं समजा.

महिन्यातून एकदा टेबल, फळी, हात आणि मोरी यांचे स्वॅब, म्हणजे बोळ्याने पुसून घेतलेले नमुने, प्रयोगशाळेत पाठवा. स्वॅबच्या नळीत क्लोरीन संपवणारं सोडियम थायोसल्फेट आहे ना, हे विचारून घ्या. ते नसेल तर स्वॅबबरोबर गेलेला क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतो आणि अहवाल उगाच चांगला येतो. मोरीत लिस्टेरिया सापडला तर घाबरू नका, पण टेबलावर सापडला तर त्या दिवसाचा उकडलेला माल अडवा आणि यंत्राचे भाग खोलून बघा. तो बहुधा नटाखाली, गॅस्केटच्या मागे किंवा पट्ट्याच्या पोकळ रुळात बसलेला असतो.

वापरलेलं क्लोरीनचं पाणी थेट खाडीत सोडू नका. तिथेच गावातल्या बाया तिसऱ्या (शिंपल्या) काढायला उतरतात. जाळीतून सालं गाळा आणि पाणी शोषखड्ड्याकडे वळवा.

बंदीनंतर शेड उघडताना

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि बऱ्याच शेडही. दोन महिने पाइपात थांबलेलं पाणी, ओले कोनाडे, टाकीतला गाळ, यांच्यावर 1 ऑगस्टला थेट कोळंबी ओतू नका. किमान चार दिवस आधी सुरू करा. पहिल्या दिवशी टाकी रिकामी करून घासा. मग 50 पीपीएम क्लोरीनचं पाणी भरून प्रत्येक नळ वास येईपर्यंत सोडा आणि रात्रभर तसंच पाइपात राहू द्या. दुसऱ्या सकाळी ते काढून ताजं पाणी भरा. दुसऱ्या दिवशी भिंती, टेबलांचे खालचे पाय, पंख्यांची पाती आणि मोऱ्या साबणाने. तिसऱ्या दिवशी वरच्या आठही पायऱ्या, आणि क्लोरीनच्या जागी पेरॲसिटिक आम्ल. चौथ्या दिवशी सगळं कोरडं. पाण्याचा नमुना दुसऱ्याच दिवशी, टाकी भरून क्लोरीन 0.5 वर आला की, निर्जंतुक बाटलीत घेऊन प्रयोगशाळेत द्या. जंतू वाढवून मोजायला त्यांना दोन-तीन दिवस लागतात, आणि अहवाल हातात येईपर्यंत त्या पाण्याचा बर्फ करू नका.